वारसा आणि शोध : मौलाना उबैदुल्लाह सिंधी (रह.) यांचे जीवन

वाचकहो, आपला धर्म कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर देण्यास आपल्याला क्षणाचाही विलंब लागत नाही. परंतु तो आपला कशामुळे झाला, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना थोडे थांबावे लागेल. जन्मताच आपल्या कानात अजान दिली गेली. वडिलांचे बोट धरून आपण ईदगाहवर गेलो. कायदा आणि सिपारा मोहल्ल्यातील मशिदीत शिकलो. हे सर्व आपल्याला मिळाले आणि मिळालेल्या देणगीबद्दल कृतज्ञ असावे, हे योग्यच आहे. तथापि केवळ वाडवडिलांची वाट म्हणून त्या वाटेने चालणाऱ्यांना दिव्य कुरआन वारंवार जाब विचारतो. डोळे, कान आणि अंतःकरण यांचाही हिशोब द्यावा लागेल, याची तो जाणीव करून देतो. ही वचने वाचताना ती मक्केच्या मूर्तिपूजकांसाठी आहेत, असे समजून आपण पुढे जातो. आपणही कोणाचे तरी वंशज आहोत आणि आपणही वाडवडिलांच्या वाटेनेच चालत आहोत, हे त्या वेळी आपल्या ध्यानात येत नाही.

म्हणून आज आपल्यापुढे अशा एका माणसाचे जीवन ठेवीत आहोत, ज्याला इस्लाम वारशाने मिळाला नव्हता. तो पंजाबातील एका शीख घरात जन्मला. त्याचे नाव बूटासिंग. जग त्याला मौलाना उबैदुल्लाह सिंधी या नावाने ओळखते. स्वातंत्र्यलढ्यातील रेशमी पत्रांच्या प्रकरणामुळे हे नाव आपल्या कानांवरून गेले असेल. त्या प्रकरणाचा उल्लेख पुढे येईलच. पण त्यांच्या जीवनातील दोन गोष्टींकडे आपण विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. पहिली म्हणजे, त्यांनी आपला निर्णय किती सावकाश आणि किती प्रामाणिकपणे घेतला. दुसरी म्हणजे, निर्णय घेतल्यानंतर त्यांचे आपल्या आईशी असलेले नाते.

घराणे आणि बालपण

बूटासिंग यांचा जन्म १० मार्च १८७२ रोजी सियालकोट जिल्ह्यातील चियांवाली या गावी झाला. वडिलांचे नाव रामसिंग, आजोबांचे नाव जसपतराय आणि पणजोबांचे गुलाबराय. ही तीन नावे लक्षपूर्वक वाचल्यास घराण्याचा इतिहास समजतो. घराणे मूळचे हिंदू होते. शीख पंथ रामसिंगांनी स्वतः स्वीकारला आणि त्यामागे त्यांच्या सासऱ्यांची प्रेरणा होती. बूटासिंगांचे आजोळ निष्ठावान शीख होते. म्हणजे बूटासिंगांना जो धर्म वारशाने मिळाला, तो त्यांच्या वडिलांच्या घराण्यात अवघा एका पिढीचा होता. वाडवडिलांच्या वाटेवरून विचारपूर्वक बाजूला होण्याचे उदाहरण त्यांच्या घरातच घडलेले होते.

परंतु वडिलांचे मुख पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. त्यांच्या जन्माच्या चार महिने आधीच रामसिंगांचे निधन झाले. बालक दोन वर्षांचे झाले तोच आजोबाही गेले. तेव्हा विधवा आई मुलाला घेऊन माहेरी आली. पुढे तिच्या वडिलांचेही निधन झाले आणि ती आपल्या भावांच्या आश्रयास गेली. हे मामा डेरा गाझीखान जिल्ह्यातील जामपूर येथे पटवारी होते. पटवारी म्हणजे आपल्याकडील तलाठी. एका आश्रयावरून दुसऱ्या आश्रयाकडे जाणाऱ्या या स्त्रीला मुलाचा केवढा आधार वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकता. १८७८ साली बूटासिंग जामपूरच्या उर्दू शाळेत जाऊ लागले. मुलगा हुशार होता आणि शिक्षण चांगले चालले होते.

ज्या वारशाला प्रश्न विचारला गेला

वाचकहो, येथे एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. धर्मांतराच्या कथा सांगताना मागे सोडलेला धर्म जितका काळा रंगवावा तितका नवा धर्म उजळ दिसतो, अशी काहींची समजूत असते. ही समजूत सत्याशी प्रामाणिक नाही. बूटासिंग ज्या घरात वाढले, तेथे एकाच ईश्वराचे नामस्मरण होत होते. गुरू नानकांनी मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारले होते. लंगरमध्ये राजा आणि रंक एका पंगतीत बसत होते. गुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या ग्रंथात गुरूंच्या वाणीबरोबर सूफी संत बाबा फरीद यांची वाणी आहे. आपल्या महाराष्ट्राचे संत नामदेव यांचीही ६१ पदे त्यात आहेत. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली आपल्याच नांदेड येथे देह ठेवला आणि आजही देशोदेशींचे शीख तेथे येतात. तेव्हा हा धर्म आपल्याला परका असला तरी अपरिचित नाही.

शीख परंपरेत असेही सांगितले जाते की, बालपणी जानवे घालण्याचा प्रसंग आला असता नानकांनी त्या विधीचा अर्थ काय, असे विचारले आणि समाधान न झाल्याने ते घालण्यास नकार दिला. म्हणजे वारशाला प्रश्न विचारण्याची वृत्ती खुद्द त्या वारशाच्या मुळाशीच होती. बूटासिंगांनी शोध सुरू केला, तेव्हा त्यांनी आपल्या पूर्वजांच्या गुरूहून निराळे असे काही केले नव्हते. त्यांचा शोध ज्या ठिकाणी पोहोचला ते ठिकाण मात्र निराळे होते.

काळही प्रश्नांचा होता. १८४९ साली पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. सियालकोट, अमृतसर, लाहोर येथे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा चालू होत्या. अमृतसरच्या मिशन शाळेतील चार शीख विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती होण्याचा विचार जाहीर केल्यावर शीख समाज जागा झाला आणि १८७३ साली तेथे सिंग सभेची स्थापना झाली. १८७५ साली मुंबईत स्थापन झालेला आर्य समाज दोनच वर्षांत लाहोरला पोहोचला. ठिकठिकाणी वादविवाद होत, पुस्तके छापली जात आणि ती हातोहात फिरत. आपला धर्म आपल्याला समजला आहे काय, हा प्रश्न त्या काळात प्रत्येक घराच्या दाराशी येऊन उभा होता.

तीन वर्षांचा शोध

१८८४ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बूटासिंगांच्या हाती ‘तुहफतुल हिंद’ हे पुस्तक आले. ते कोणा मौलवीने दिले नव्हते. आर्य समाजी विचारांच्या एका शाळकरी मुलाकडून ते त्यांना मिळाले. अल्लाहच्या योजना मनुष्याच्या तर्कात बसत नाहीत, याचे हे एक उदाहरण समजावे. पुस्तकाचे लेखक मालेरकोटल्याचे मौलाना उबैदुल्लाह हे स्वतः जन्माने हिंदू होते आणि विचारपूर्वक मुसलमान झाले होते. बूटासिंगांनी ते पुस्तक एकदा वाचून ठेवून दिले नाही. ते त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले.

त्यानंतर शाह इस्माईल शहीद (रह.) यांचे ‘तक्वियतुल ईमान’ त्यांच्या वाचनात आले. त्यातून एकेश्वरत्व म्हणजे काय आणि अनेकेश्वरवाद कोणकोणत्या वाटांनी मनात शिरतो, हे त्यांना स्पष्ट झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे पुस्तक मुख्यतः मुसलमानांच्याच आचरणातील दोष दाखविण्यासाठी लिहिलेले होते. इस्लामकडे वळू पाहणाऱ्या या मुलाने मुसलमानांचे दोषही वाचले आणि तरीही तो मागे फिरला नाही. कारण तो एखाद्या समाजाच्या थाटामाटाकडे आकर्षित झालेला नव्हता. तो सत्य काय आहे ते शोधत होता. पुढे ‘अहवालुल आखिरत’ हे परलोकाचे वर्णन करणारे पंजाबी काव्य त्यांनी वाचले. ते नमाज शिकले. ज्या लेखकाच्या पुस्तकाने वाट दाखविली, त्याच्याच नावावरून त्यांनी स्वतःसाठी उबैदुल्लाह हे नाव निवडले. या नावाचा अर्थ अल्लाहचा नम्र दास असा आहे.

पहिले पुस्तक हाती आल्यापासून घर सोडेपर्यंत तीन वर्षे गेली. बारा ते पंधरा हे वय उतावळेपणाचे असते, हे आपण घरोघरी पाहतो. या मुलाने मात्र या वयात घाई केली नाही. कोणी धाक दाखविला नव्हता, कोणी लोभ दाखविला नव्हता. मामांच्या घरी सुखाने शिक्षण चालू होते आणि पुढे सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. इस्लाम स्वीकारून त्याला मिळण्यासारखे काही नव्हते. गमावण्यासारखे मात्र पुष्कळ होते. जो शोध आपल्या सोयीच्या विरुद्ध जात असतानाही माणूस सोडीत नाही, त्यालाच प्रामाणिक शोध म्हणावे.

आईचे दुःख

१५ ऑगस्ट १८८७ रोजी उबैदुल्लाह यांनी घर सोडले. वय पंधरा वर्षांचे होते. एका सोबत्यासह ते मुजफ्फरगड जिल्ह्यातील एका गावी पोहोचले आणि तेथे काही दिवसांनी, जिल्हज महिन्याच्या ९ तारखेस, त्यांची सुन्नत झाली. नातेवाईक शोध घेत येत आहेत असे समजताच ते सिंधकडे निघाले.

अशा कथा आपण ऐकतो तेव्हा आपले लक्ष घर सोडणाऱ्याकडे असते. थोडा वेळ मागे राहिलेल्या घराकडेही पाहावे. समजा, आपल्या कोल्हापुरात, शिवाजी पेठेतील एका घरातला पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी शाळेतून परत आला नाही. दिवेलागण झाली तरी आई उंबऱ्यात उभी आहे. तालमीतील पोरे रंकाळ्यापासून एस. टी. स्टँडपर्यंत पाहून येतात आणि रिकाम्या हाताने परततात. मुलाने काही वाईट केलेले नाही, तो सत्याच्या शोधात गेला आहे, असे कोणी त्या आईला सांगितले तर तिचे अश्रू थांबतील काय? जामपूरच्या त्या मातेने जन्माआधीच मुलाचा बाप गमावला होता. आता मुलगाही गेला होता. उबैदुल्लाह यांच्या निर्णयाची ही किंमत होती आणि तिचा मोठा वाटा त्यांच्या आईने भरला. सत्याच्या मार्गाचे गुणगान करताना ही किंमत झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही.

सिंधमध्ये भरचूंडी येथील सूफी बुजुर्ग हाफिज मुहम्मद सिद्दीक (रह.) यांच्या सहवासात ते राहिले. या थोर पुरुषाने त्या पोरक्या मुलाला पुत्रवत जवळ केले. अल्लाहसाठी घरदार सोडून आलेल्या या मुलाचे आपणच आईबाप आहोत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी आपल्या लोकांसमोर काढले. या मायेचा ठसा असा उमटला की, उबैदुल्लाह यांनी सिंधलाच आपली मायभूमी मानले आणि पंजाबात जन्मलेला हा मनुष्य कायमचा सिंधी म्हणवू लागला. नव्याने आलेल्याला समाजाने कसे वागवावे, हे यातून शिकण्यासारखे आहे. पुस्तकांनी उबैदुल्लाह यांची बुद्धी जिंकली होती. त्यांच्या मनाला घर मिळाले ते भरचूंडीत.

देवबंद, अमरोट आणि घरातील आई

१८८८ साली ते देवबंदच्या दारुल उलूममध्ये दाखल झाले. तेथे शैखुल हिंद मौलाना महमूद हसन (रह.) यांच्यासारखा गुरू लाभला. हदीस, फिक्ह आणि तर्कशास्त्र यांचे अध्ययन करून १८९१ साली ते सिंधला परतले. परंतु हाफिज मुहम्मद सिद्दीक यांचे थोड्याच दिवसांपूर्वी निधन झाले होते. तेव्हा त्यांचे खलिफा मौलाना ताज महमूद अमरोटी (रह.) यांच्याकडे, सक्कर जिल्ह्यातील अमरोट येथे, ते राहू लागले. अमरोटींनीच पुढाकार घेऊन सक्करच्या शाळेतील एका मौलवी शिक्षकाच्या कन्येशी त्यांचा विवाह करून दिला.

संसार मांडल्यानंतर उबैदुल्लाह यांनी आपल्या आईला बोलावून घेतले. ती आली आणि मुलाजवळ राहिली. अखेरच्या श्वासापर्यंत ती आपल्या पद्धतीने, आपल्या श्रद्धेने राहिली.

वाचकहो, या दोन वाक्यांवर क्षणभर विचार करावा. मुलगा आता विद्वान आलिम झाला होता. त्याच्याकडे लोक दीन शिकण्यासाठी येत होते. ज्या आईच्या घरातून तो निघून आला होता, तीच आई आता त्याच्या घरी होती आणि तिची श्रद्धा बदललेली नव्हती. त्या घरात तिला जागा होती आणि मानही होता.

ही उदारता त्यांनी इस्लामबाहेरून आणलेली नव्हती. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी इस्लाम स्वीकारला तेव्हा त्यांच्या आईने अन्नपाणी सोडले, हे आपण ऐकले असेल. त्या संदर्भात अवतरलेल्या आज्ञेचा आशय असा आहे की, आईवडिलांनी अल्लाहबरोबर कोणाला भागीदार करण्याचा आग्रह धरला तर तेवढी गोष्ट ऐकू नये. मात्र या जगात त्यांच्याशी भलेपणानेच वागावे. सूरह लुकमानमध्ये हा आदेश आहे. हजरत अस्मा बिंत अबी बक्र (रजि.) यांची आई इस्लाम न स्वीकारलेल्या स्थितीत मदीनेला मुलीकडे आली. तिच्याशी कसे वागावे, असे अस्मांनी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आईशी नाते जोडून ठेवण्यास सांगितले. उबैदुल्लाह यांनी आईला घरी आणले तेव्हा ते याच शिकवणीवर चालले. ज्या धर्मासाठी त्यांनी आईचे घर सोडले होते, त्याच धर्माने त्यांना आईला आपल्या घरी आणण्यास शिकविले.

आपल्यांकडून आलेली परीक्षा

सत्य सापडले की शोध संपतो, असे मानणाऱ्यांपैकी उबैदुल्लाह नव्हते. १९०१ साली त्यांनी सिंधमधील गोठ पीर झंडा येथे दारुल इर्शाद ही शिक्षणसंस्था सुरू केली आणि अनेक वर्षे तेथे अध्यापन केले. १९०९ साली गुरूंनी त्यांना देवबंदला बोलावले आणि माजी विद्यार्थ्यांना संघटित करणाऱ्या जमियतुल अन्सारचे काम त्यांच्याकडे सोपविले. जुन्या मदरशातील आणि नव्या इंग्रजी शाळांतील मुसलमान तरुण एकमेकांना समजून घेतील, असा प्रयत्न त्यांनी केला.

परंतु तेथे त्यांना वेगळ्या परीक्षेस सामोरे जावे लागले. काही विद्वानांशी त्यांचे तीव्र मतभेद झाले आणि प्रकरण त्यांच्या श्रद्धेवर आक्षेप घेण्यापर्यंत गेले. त्यांना देवबंद सोडावे लागले. ज्याने इस्लामसाठी आई, घर आणि गाव सोडले होते, त्याच्या ईमानाबद्दल जन्माने मुसलमान असलेल्यांनी शंका घ्यावी, याहून क्लेशदायक काय असेल! एखादा दुबळा मनुष्य असता तर ज्या लोकांसाठी सारे सोडले तेच असे, म्हणून परतला असता. उबैदुल्लाह परतले नाहीत. कारण ते लोकांसाठी आलेच नव्हते. त्यांनी १९१३ साली दिल्लीच्या फतेहपुरी मशिदीत नजारतुल मआरिफ ही कुरआन शिकविणारी संस्था काढली आणि इंग्रजी शिकलेल्या तरुणांना कुरआन समजावून सांगण्याचे काम हाती घेतले. लाहोरचे विख्यात भाष्यकार मौलाना अहमद अली लाहोरी (रह.) हे त्यांचेच शिष्य.

चोवीस वर्षांचा वनवास

१९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, शैखुल हिंद यांनी त्यांना काबूलला जाण्याची आज्ञा केली. सविस्तर योजना सांगितली नव्हती. गुरूंची आज्ञा म्हणून ते निघाले. त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी काबूलमध्ये हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापन झाले. राजा महेंद्रप्रताप हे त्याचे अध्यक्ष, मौलाना बरकतुल्लाह भोपाली पंतप्रधान आणि मौलाना उबैदुल्लाह गृहमंत्री. एक हिंदू राजा आणि शीख घरात जन्मलेला एक आलिम देशाच्या स्वातंत्र्यासाठी एका मेजावर बसले होते.

जुलै १९१६ मध्ये उबैदुल्लाह यांनी या हालचालींची हकीकत पिवळ्या रेशमी कापडावर लिहून गुरूंकडे पाठविली. ते कापड वाटेत इंग्रजांच्या हाती पडले आणि बेत फसला. शैखुल हिंद यांना हिजाजमध्ये अटक होऊन माल्टा बेटावर १९२० पर्यंत कैदेत राहावे लागले. उबैदुल्लाह यांना मायदेशाची दारे बंद झाली.

१९२२ साली त्यांनी काबूल सोडले. काही महिने मॉस्कोत राहून त्यांनी रशियातील क्रांतीनंतरची स्थिती जवळून पाहिली. गरिबांसाठी चाललेल्या प्रयत्नांनी ते प्रभावित झाले, परंतु ईश्वराला वगळून माणसाचे कल्याण साधता येईल, हे त्यांना पटले नाही. नंतर सुमारे तीन वर्षे ते तुर्कस्तानात होते. १९२४ साली त्यांनी इस्तंबूलमधून हिंदुस्थानच्या भावी राज्यघटनेचा आराखडा प्रसिद्ध केला. निरनिराळ्या भाषांचे प्रदेश स्वायत्त राहून एका संघराज्यात नांदतील, असा त्याचा गाभा होता. तेथून ते मक्केस गेले आणि सुमारे बारा वर्षे त्यांनी हरमच्या छायेत अध्ययन व अध्यापनात घालविली. शाह वलीउल्लाह देहलवी (रह.) यांचे ग्रंथ, विशेषतः ‘हुज्जतुल्लाहिल बालिगा’, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता.

मार्च १९३९ मध्ये ते कराचीच्या बंदरावर उतरले. तरुणपणी सोडलेला पंजाब आणि प्रौढपणी सोडलेला देश यांच्या आठवणी घेऊन सदुसष्ट वर्षांचा एक वृद्ध मायभूमीत परतला होता. उरलेली वर्षे त्यांनी शाह वलीउल्लाह यांचे विचार शिकविण्यात वेचली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये बहावलपूर संस्थानातील दीनपूर येथे अल्लाहच्या आज्ञेने त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांची सर्वच राजकीय व वैचारिक मते विद्वानांना मान्य झाली नाहीत आणि आपणही ती सर्व मान्य केली पाहिजेत, असे नाही. परंतु त्यांनी जे मानले ते समजून मानले आणि त्याची किंमत स्वतः मोजली, याबद्दल त्यांच्या विरोधकांनाही शंका घेता येत नाही.

आपल्या घरासाठी

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्याला धर्म बदलावयाचा नाही. आपल्याला मिळालेला धर्म खरोखर आपला करावयाचा आहे. बूटासिंगांनी तीन वर्षे वाचन केले, त्यानंतर ते उबैदुल्लाह झाले. आपण तीस-चाळीस वर्षे अब्दुल्लाह, अब्दुर्रहमान या नावांनी वावरत आहोत. कुरआनची एक तरी सूरह आपण अर्थासह, प्रश्न विचारीत, थांबून वाचली आहे काय? राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले आणि कुरआनचे मराठी भाषांतर व्हावे म्हणून खर्चही उचलला. मुसलमान प्रजेने आपला ग्रंथ आपल्या बोलीत समजून घ्यावा, याची तळमळ मुसलमान नसलेल्या एका राजाला होती. आज मराठीत भाषांतरे सहज मिळतात. ती कपाटात, रेशमी वस्त्रात बांधून ठेवलेली असतील तर दोष कोणाचा?

दुसरी गोष्ट मुलांविषयी. आपला मुलगा किंवा मुलगी कधी तरी विचारील की, नमाज का पढावी, अल्लाह आहे कशावरून, शेजारचे लोक वेगळ्या रीतीने प्रार्थना करतात त्यांचे काय. त्या वेळी रागावून तोंड बंद करणे सोपे असते. पण प्रश्न दाबल्याने नाहीसा होत नाही. तो फक्त आपल्यासमोर येण्याचे थांबतो. उत्तर ठाऊक असेल तर शांतपणे सांगावे. ठाऊक नसेल तर आपण दोघे मिळून शोधू, असे म्हणावे आणि खरोखर शोधावे. विचारलेल्या प्रश्नातून वर आलेले ईमान वादळात टिकते.

तिसरी गोष्ट अवघड आहे. बूटासिंगांच्या शोधाचे आपण कौतुक करतो, कारण तो आपल्या दाराशी येऊन थांबला. पण शोधाचा आदर करावयाचा तर तो दुसऱ्याच्या हातातही आदरणीय मानावा लागेल. धर्मात सक्ती नाही, हे कुरआनने सांगितले आहे आणि सन्मार्ग दाखविणे अल्लाहच्या हाती आहे. शेजारी जे मानतो ते चेष्टेचा विषय करू नये. तो आपल्या श्रद्धेविषयी प्रामाणिकपणे विचारील तर प्रामाणिकपणे सांगावे, आणि त्याच्या श्रद्धेविषयी आपणही तसेच ऐकावे. एखादा नवा बंधू वा भगिनी आपल्यात आली तर भरचूंडीच्या बुजुर्गांप्रमाणे तिला घर द्यावे. त्याबरोबरच तिच्या मागे राहिलेल्या आईची विचारपूस करण्यास तिला सांगावे. ते नाते तोडण्याचा सल्ला कदापि देऊ नये.

अमरोटच्या घरात एक शीख आई आपल्या आलिम मुलाजवळ अखेरपर्यंत राहिली. तिने आपली श्रद्धा सोडली नाही आणि मुलाने आईला अंतर दिले नाही. आपल्या ईमानाची खोली मोजावयाची असेल तर ती या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून मोजावी.

अल्लाह आपणा सर्वांना वारशाने मिळालेले ईमान समजून घेण्याची बुद्धी, मुलांच्या प्रश्नांना सामोरे जाण्याचे धैर्य आणि वेगळी वाट चालणाऱ्या आप्तांशी भलेपणाने वागण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.